ऑपरेशनआधी स्वतःचंच रक्त काढून ठेवायचं का? (आईचे गुडघे)

जाईजुई | ४ जानेवारी, रात्री १०:२०

नमस्कार मंडळी. आईचे दोन्ही गुडघे बदलायचं ठरलंय. २९ तारखेला, मिरजेत. आई ६७ वर्षांची, वजन ६४ किलो, बीपीची गोळी चालू आहे, साखर नाही. जिना चढताना कठड्याला अक्षरशः लोंबकळते, तरी तीन वर्षं टाळत होती.

परवा डॉक्टर म्हणाले, "दोन पिशव्या रक्ताची सोय करून ठेवा." आईने तिथल्या तिथे मान हलवली. परक्याचं रक्त घेणार नाही म्हणजे नाही. तिच्या हट्टाला कारण आहे. थोरल्या मामांचं १९९३ साली मोठं ऑपरेशन झालं, तेव्हा रक्त चढवलं होतं. पुढे लिव्हरने त्रास द्यायला सुरुवात केल्यावर कळलं, हिपॅटायटिस सी. कुठून आला हे छातीठोकपणे कोण सांगणार? पण घरात सगळ्यांनी ते त्या पिशवीच्याच खात्यावर मांडलंय. मामा गेले, आणि आईच्या मनात ते घर करून बसलंय.

आता भावाने शोध लावलाय की आपलंच रक्त आधी काढून रक्तपेढीत ठेवता येतं आणि ऑपरेशनच्या वेळी तेच परत चढवतात. आईला कल्पना एकदम पसंत. "माझंच मला. कुणाचे उपकार नकोत."

कुणी केलंय का हे? किती दिवस आधी करावं लागतं? या वयात झेपतं का? आमच्या हातात पंचवीस दिवस आहेत.

टवाळ | ४ जानेवारी, रात्री १०:४१

सायकलच्या शर्यतीवाले हेच करत होते की. आधी रक्त काढून ठेवायचं आणि शर्यतीआधी परत भरायचं. लान्स आर्मस्ट्राँगने २०१३ मध्ये टीव्हीवर कबूलही केलं. आई गुडघे बदलून आल्यावर घाटात सायकल काढणार वाटतं!

(गंमत केली, राग मानू नका. आईंना शुभेच्छा.)

कुंदामावशी | ४ जानेवारी, रात्री ११:०५

अगं जाई, तू आणि तुझा भाऊ आहात ना? घरच्याच माणसांचं रक्त द्या. बाहेरचं कशाला हवं? आमच्याकडे यांच्या बायपासला दोन्ही पुतण्यांनी दिलं होतं.

रक्तपेढीवाले बापू | ५ जानेवारी, सकाळी ६:५०

जाई, मी रक्तपेढीत तंत्रज्ञ म्हणून ३१ वर्षं काढली, आता निवृत्त आहे. क्रमाने सांगतो.

तू म्हणतेस त्याला आम्ही ऑटोलोगस म्हणायचो. सर्जन चिठ्ठी देतो, रक्तपेढीचे डॉक्टर पेशंटला तपासतात आणि नेहमीसारखीच पिशवी काढतात. पिशवीवर वेगळं लेबल लागतं. पेशंटचं नाव, नंबर, सही, आणि "फक्त याच रुग्णासाठी". दोन पिशव्यांत साधारण आठवडा सोडतात. शेवटची पिशवी ऑपरेशनच्या किमान ७२ तास आधी काढलेली असावी लागते, म्हणजे शरीराला निदान पाण्याचा भाग भरून काढायला वेळ मिळतो. साध्या पिशवीतलं रक्त ३५ दिवस टिकतं. लाल पेशी वेगळ्या करून पोषक द्रावणात ठेवल्या तर ४२ दिवस. त्यामुळे दोन महिने आधी काढून निवांत बसू, असं होत नाही. नेहमीच्या रक्तदात्याला ६५ ची मर्यादा आहे, ती इथे आड येत नाही. हृदयाची झडप आवळलेली असेल, छातीत दुखत असेल किंवा अंगात कसला जंतुसंसर्ग असेल, तर मात्र काढत नाहीत.

आणि सगळ्यात मोठी अट: हिमोग्लोबिन निदान ११ हवं. आईंचं किती आहे? तू वजन लिहिलंस, बीपी लिहिलंस, हे लिहिलंच नाहीस.

मामांबद्दल वाईट वाटलं. १९९३ साली हिपॅटायटिस सीची तपासणी सक्तीची नव्हती. एचआयव्हीची १९८९ पासून होती. त्या काळात पैसे घेऊन रक्त देणारे रक्तपेढ्यांच्या दारात उभे असायचे, एकेक जण महिन्यातून कितीदा देई याला हिशोब नव्हता. १९९६ मध्ये सुप्रीम कोर्टाने कान उपटले आणि १ जानेवारी १९९८ पासून विकाऊ रक्तदान बंद झालं. आज प्रत्येक पिशवीची एचआयव्ही, कावीळ बी, कावीळ सी, गुप्तरोग आणि मलेरिया अशी तपासणी होते. काही ठिकाणी विषाणूचा अंशसुद्धा पकडणारी नॅट चाचणीही करतात. धोका शून्य झाला असं मी म्हणणार नाही. पण आईंच्या डोळ्यांसमोर आहे ती १९९३ ची रक्तपेढी, आजची नव्हे.

कुंदाताई, तुमच्या पुतण्यांचं कौतुक आहेच, पण घरचं रक्त जास्त सुरक्षित ही समजूत चुकीची आहे. जवळच्या नातलगाच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशींना पेशंटचं शरीर कधीकधी परकं म्हणून ओळखतच नाही. मग त्या पेशी आत ठाण मांडून पेशंटवरच उलटतात. क्वचित घडतं, पण घडलं तर माणूस बहुधा हाती लागत नाही. म्हणून सख्ख्या नातलगाचं रक्त द्यायचंच झालं तर त्यावर आधी किरणोत्सर्गाचा मारा करावा लागतो. शिवाय घरचा माणूस भिडेपोटी खरी माहिती लपवतो. हे मी टेबलापलीकडे बसून अनेकदा पाहिलंय.

कुंदामावशी | ५ जानेवारी, सकाळी ८:१५

अगंबाई! हे कुणी सांगितलं नव्हतं.

वाटाड्या | ५ जानेवारी, सकाळी ९:३०

आम्ही केलंय. २००४, वडिलांचा खुबा बदलला तेव्हा. वडील तेव्हा ६१ चे, तब्येतीने दणकट, हिमोग्लोबिन १४ च्या वर. आठवड्याच्या अंतराने दोन पिशव्या काढल्या. वडील खूश! येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचे, "माझं फिक्स डिपॉझिट आहे रक्तपेढीत."

एक पिशवी ऑपरेशननंतर चढवली. खरं तर ती तरी लागत होती का याची मला शंकाच आहे. काढलंच आहे तर चढवून टाकू, असा एकूण मामला होता. दुसरी वाया गेली. मला वाटलं होतं, उरली तर दुसऱ्या गरजूला देतील. तसं नसतं म्हणे. वडिलांना याचं फार लागलं. मुदत संपली की एफडी बुडाली.

दुसऱ्या पिशवीनंतर ते चांगलेच गळाले होते हेही लिहून ठेवतो. ऑपरेशनला आत जातानाच चेहरा उतरला होता.

सातासमुद्रापार | ५ जानेवारी, सकाळी १०:०२

कॅलिफोर्नियात तर हा कायद्याचाच विषय आहे. पॉल गॅन नावाचे इथले एक गाजलेले करविरोधी कार्यकर्ते. १९८२ मध्ये हृदयाच्या ऑपरेशनच्या वेळी चढवलेल्या रक्तातून त्यांना एड्सची लागण झाली आणि १९८९ मध्ये ते गेले. त्यांच्या नावाने कायदा झाला. रक्त लागण्याची शक्यता असेल तर डॉक्टरने पेशंटला पर्याय समजावून सांगायचे आणि छापील पत्रक द्यायचं. त्या पर्यायांत स्वतःचं रक्त आधी देऊन ठेवणं हाही एक.

गेल्या वर्षी माझा गुडघा झाला तेव्हा ते पत्रक मलाही मिळालं. मी हौसेने विचारलं, देऊ का? सर्जन हसले. म्हणाले, "नव्वदच्या दशकात सगळे द्यायचे, आणि निम्म्या पिशव्या आम्ही फेकून द्यायचो." पत्रक आहे, प्रथा मात्र जवळपास संपली.

भुलेश्वर | ५ जानेवारी, दुपारी २:४०

मी भूल देणारा डॉक्टर. (टोपणनावावरून कळलं असेलच. नाही, मुंबईच्या भुलेश्वरला राहत नाही.)

बापूंनी नेमका प्रश्न विचारलाय, त्याचं उत्तर येऊ द्या. तोवर सातासमुद्रापार यांच्या सर्जनला हसू का आलं ते सांगतो.

३५० मिलीची एक पिशवी काढली की हिमोग्लोबिन साधारण एकाने उतरतं. त्या पिशवीबरोबर दीडशे मिलिग्रॅमच्या आसपास लोह जातं. आपण जेवणातून दिवसाला शोषतो एक-दोन मिलिग्रॅम. करा हिशोब. पाण्याचा भाग दोन दिवसांत भरतो, लाल पेशी भरायला दीड-दोन महिने लागतात. म्हणजे तीन आठवड्यांत दोन पिशव्या काढून पेशंटला टेबलावर घेतलं, तर आपण आपल्या हाताने त्याला रक्ताची कमी करून आत घेतोय. मग तो रक्त लागण्याच्या रेषेजवळ लवकर पोचतो आणि आपण म्हणतो, बघा, बरं झालं आधी काढून ठेवलं! आधी खड्डा खणायचा आणि मग त्याच मातीने बुजवायचा, असला प्रकार आहे.

पूर्वी याला अर्थ होता. एकीकडे एड्सची धास्ती, दुसरीकडे गुडघ्याच्या ऑपरेशनमध्ये रक्तही पुष्कळ जायचं. आता ट्रानेक्झॅमिक अ‍ॅसिड आहे. जपानच्या ओकामोतो दांपत्याने १९६२ मध्ये शोधलेलं. शरीर रक्ताची गुठळी विरघळवत असतं, त्याला ते लगाम घालतं. अगदी स्वस्त इंजेक्शन, पण याच्यामुळे सांधे बदलण्याच्या ऑपरेशनमधलं रक्त जाणं खूप कमी झालं. शिवाय रक्त चढवायची रेषाही खाली आली. आम्ही शिकत होतो तेव्हा १० च्या खाली गेलं की पिशवी लावायची रीत होती. २०११ मध्ये खुबा मोडलेल्या दोन हजारांवर वयस्कर रुग्णांचा अभ्यास आला. १० ला रक्त दिलेल्यांचं आणि ८ पर्यंत थांबलेल्यांचं पुढचं चालणं-फिरणं, जगणं-वाचणं सारखंच निघालं. आता बहुतेक ठिकाणी ८ पर्यंत थांबतात, पेशंटला चक्कर, धाप, छातीत दुखणं असं काही नसेल तर.

इंग्लंडच्या तज्ज्ञ समितीने तर २००७ मध्येच सांगून टाकलं की सरसकट हे करू नका, दुर्मीळ गटासारखी खास कारणं असतील तरच करा.

आणखी एक. स्वतःचं रक्त म्हणजे धोका शून्य, हाही भ्रम. पिशवीची अदलाबदल होऊ शकते, पिशवीत जंतू वाढू शकतात. चुकीची पिशवी लागली तर ती "आपली" होती हे काय कामाचं?

जाईजुई | ५ जानेवारी, रात्री ९:१०

बापरे, किती माहिती! सगळ्यांचे आभार.

रिपोर्ट काढून पाहिला. हिमोग्लोबिन १०.४. मला वाटलं होतं ठीक असावं, कारण तिथे कुणी काहीच बोललं नाही. मी विचारलं तेव्हा उत्तर मिळालं, "थोडं कमी आहे, बायकांचं असतंच." आणि पुढे, "म्हणून तर दोन पिशव्या सांगितल्यात."

म्हणजे बापूंच्या हिशोबाने आई बादच. आता तिला काय सांगू? दोन दिवस ती फिक्स डिपॉझिटवाल्या काकांसारखीच खुशीत होती.

रक्तपेढीवाले बापू | ५ जानेवारी, रात्री ९:४५

१०.४ ला कुठलीही शहाणी रक्तपेढी काढणार नाही. पुढचं भुलेश्वर डॉक्टर सांगतील.

भुलेश्वर | ५ जानेवारी, रात्री ११:२०

"बायकांचं असतंच" हे वाक्य मी दर आठवड्याला ऐकतो. पाळी थांबून पंधरा-वीस वर्षं झालेल्या बाईचं का असावं? बायकांसाठी १२ च्या खाली म्हणजे रक्त कमी. ६७ व्या वर्षी १०.४ असेल तर ते कुठेतरी जातंय, किंवा तयार होत नाहीये. दोन्हींचा शोध घ्यायचा असतो.

आधी आकडे बघा. ६४ किलोच्या बाईच्या अंगात ढोबळमानाने चार लिटर रक्त. समजा एकूण एक लिटर गेलं, आतल्या आत साकळलेलं धरून. म्हणजे पाव हिस्सा. १३ वरून निघालात तर ९.७ च्या आसपास थांबाल, पिशवीकडे बघायचीही गरज नाही. १०.४ वरून निघालात तर ७.८, म्हणजे रेषेच्या खाली. ऑपरेशन तेच, सर्जन तोच, रक्त तेवढंच गेलं. दोन्ही गुडघे एकदम केले तर आणखी जाईल.

तेव्हा आईंना परक्याचं रक्त नको असेल तर तिचं रक्त बाहेर ठेवून उपयोग नाही. ते तिच्याच अंगात वाढवा. रक्तपेढी तिच्या हाडांच्या मगजातच आहे.

दोन प्रश्न. फेरिटिन, म्हणजे अंगातल्या लोहाच्या साठ्याची तपासणी, केलंय का? आणि गुडघ्यासाठी कुठली गोळी घेतात, किती वर्षं?

जाईजुई | ६ जानेवारी, सकाळी ७:३०

फेरिटिन नाही केलं. गोळी डायक्लोफेनॅक. रोज एक, लग्नकार्य असलं तर दोन. तीन वर्षं तरी झाली. कोपऱ्यावरच्या मेडिकलवाल्याकडून आणते, तो नाव न विचारताच स्ट्रिप काढून देतो.

भुलेश्वर | ६ जानेवारी, सकाळी ८:०५

फेरिटिन करा. आईंना एकांतात विचारा, शौचाला काळं डांबरासारखं होतं का. आणि पोटाच्या डॉक्टरांना दाखवा, याच आठवड्यात. गोळी आजपासून बंद. दुखलं तर पॅरासिटामॉल. २९ तारीख दगडावरची रेघ नाही, सर्जनशी बोला.

नेटवरून निदान करत नाहीये. शंका सांगतोय.

पाठीचा कणा | ६ जानेवारी, सकाळी ११:५०

सगळे नकोच म्हणताहेत, म्हणून आमचा अनुभव. मुलगी १५ वर्षांची असताना तिचा वाकडा कणा सरळ करायचं ऑपरेशन झालं. सात तास. तिच्या तीन पिशव्या आधी काढल्या होत्या, लोह चालू ठेवून, आठ-आठ दिवसांनी. तिन्ही लागल्या. वर टेबलावर सांडणारं रक्त शोषून, धुऊन परत देणारं सेल सेव्हर यंत्रही होतं. तरी बाहेरची एक पिशवी लागलीच. तेव्हा मोठं ऑपरेशन, तरुण पेशंट, हिमोग्लोबिन भरपूर, तर विचार करायला हरकत नाही. पण एका गुडघ्याची गोष्ट वेगळी.

सुईला घाबरणारी माझी पोर तिसऱ्या वेळी तिथल्या सिस्टरशी गप्पा मारत बसली होती.

बाँबेवाला | ६ जानेवारी, दुपारी १:१५

ऐंशीच्या हिंदी सिनेमांवरून आलेलं टोपणनाव नाही हे. माझा रक्तगटच बाँबे.

१९५२ मध्ये डॉ. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुंबईत हा गट पहिल्यांदा शोधला, म्हणून हे नाव. वरवरच्या तपासणीत आम्ही "ओ" दिसतो. पण ओ गटाच्या पेशींवर असतो तो एच हा पदार्थसुद्धा आमच्याकडे नाही. म्हणजे सर्वांना चालणारं ओ निगेटिव्हही आम्हाला दिलं तर जिवावर बेतेल. भारतात दहा हजारांत एखादा, आपल्या महाराष्ट्रात त्यातल्या त्यात जास्त.

दोन वर्षांपूर्वी माझा खुबा बदलला. माझ्या दोन पिशव्या आधी काढून ठेवल्या, कारण आयत्या वेळी आणणार कुठून? राज्यात कुणी एखादा मिळाला तर तो रात्रभर प्रवास करून येतो. मीही एकदा गेलोय असा, एसटीने, अनोळखी बाळंतिणीसाठी. माझं ऑपरेशन व्यवस्थित झालं, एकही पिशवी लागली नाही आणि मुदत संपून दोन्ही गेल्या. तरी पुन्हा वेळ आली तर पुन्हा काढून ठेवीन. ग्लिसरॉल घालून उणे पासष्टच्या खाली गोठवलं तर दहा वर्षं टिकतं, पण ती सोय हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या ठिकाणी.

जाईताई, तुमच्या आईंचा गट कुठला?

जाईजुई | ६ जानेवारी, दुपारी १:४०

बी पॉझिटिव्ह. रस्त्यावर दहा माणसं थांबवली तर तीन निघतील.

बाँबेवाला | ६ जानेवारी, दुपारी १:४४

मग मजा आहे!

जाईजुई | १४ जानेवारी, संध्याकाळी ६:३०

तिळगूळ घ्या. आणि भुलेश्वर डॉक्टर, तुम्हाला दोन जास्त.

फेरिटिन ९. दुर्बिणीने पोट बघितलं, जठरात व्रण आणि हेलिकोबॅक्टर हा पोटातला जंतूही. काळ्या शौचाचं विचारलं तर म्हणाली, "अधूनमधून होतं, मला वाटलं मी खाते त्या खजुरामुळे." सहा महिने! एका शब्दाने बोलली नाही. गुडघ्याच्या दुखण्यासाठी घेतलेली गोळी पोटातून रक्त काढत होती, आणि तेच रक्त आम्ही गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी बाहेरून आणणार होतो.

सर्जनना फोन केला. मी भांडायच्या तयारीत होते, पण त्यांनीच तारीख पुढे ढकलली. म्हणाले एकदम दोन नको, आधी उजवा करू. दोन आठवडे अँटिबायोटिक, आम्लाची गोळी, आणि परवा शिरेतून लोह दिलं, एक हजार मिलिग्रॅम, वीस मिनिटांत संपलं. डॉक्टर म्हणाले, पोटातून गोळीने इतकं शोषायला महिने लागले असते.

आईची तक्रार: बाटलीतलं पाणी चहासारखं तपकिरी कसं काय?

टवाळ | १४ जानेवारी, संध्याकाळी ७:०२

सायकल कुठल्या रंगाची घ्यायची ते सांगा.

वाटाड्या | १४ जानेवारी, रात्री ८:२०

वडिलांना हा धागा वाचून दाखवला. आता ऐंशी पार आहेत. म्हणाले, "म्हणजे माझी एफडी मोडायलाच नको होती."

जाईजुई | २० मार्च, रात्री ९:५०

धागा वर काढते. १२ मार्चला आईचा उजवा गुडघा झाला. आत जाताना हिमोग्लोबिन १२.६. ट्रानेक्झॅमिक दिलं होतं, भूल देणाऱ्या बाईंनी स्वतःहून सांगितलं. बी पॉझिटिव्हच्या दोन पिशव्या रक्तपेढीत जुळवून राखून ठेवल्या होत्या, आईला न सांगता. तिसऱ्या दिवशी १०.१. पिशव्या तिथेच राहिल्या, त्या दुसऱ्या कुणाला देता येतील असं रक्तपेढीने सांगितलं. आज वॉकर घेऊन ओट्यापर्यंत गेली आणि मी केलेल्या आमटीत मीठ कमी आहे असं सांगून परत आली.

त्या राखून ठेवलेल्या दोन पिशव्यांच्या बदल्यात आपण एक तरी द्यावी, म्हणून मी आणि भाऊ काल रक्तदानाला गेलो. भावाचं घेतलं.

रक्तपेढीवाले बापू | २१ मार्च, सकाळी ६:४०

शाब्बास! आणि तुझं?

जाईजुई | २१ मार्च, सकाळी ८:१२

माझं हिमोग्लोबिन ११.२ निघालं, बापू. १२.५ लागतं म्हणे. बिस्कीट देऊन परत पाठवलं.

भुलेश्वर | २१ मार्च, सकाळी ८:३०

आणि तू स्वतःला काय सांगितलंस? बायकांचं असतंच?

फेरिटिन कर. आकडा इथेच टाक.